बरोबरीचा गडी

सर माणसाला पहिले वीस दिवस ‘तुम्ही’ म्हणायचे आणि एकविसाव्या दिवशी ‘तू’. यात वय, हुद्दा काही आड यायचं नाही. आमचे मालक सरांहून वयाने मोठे, पण एकविसाव्या भेटीत त्यांचंही ‘तू’ झालं, असं जुने लोक सांगायचे. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. बेलापूरच्या त्या ऑफिसात लागून माझा महिना होत आला होता. सकाळी जिना चढून वर आले तर सर म्हणाले, “आज उशीर केलास तू.”

मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, “माझं काही चुकलं का?”

“नाही गं. तुझी खात्री पटली त्यांना,” ती म्हणाली.

कसली खात्री, ते कळायला मला पुढचे सहा महिने लागले.

आमची कंपनी छोटी होती, वीस-बावीस माणसांची. आम्ही फोनवर खेळायचा कॅरम बनवायचो. एक जण नाशिकला, दुसरा कोल्हापूरला, मधे एकच बोर्ड. आपण अंगठ्याने स्ट्रायकर सरकवला की समोरच्यालाही तो सरकताना दिसतो. कोणासमोर कोणाला बसवायचं, हे ठरवायचं काम सरांचं. म्हणजे सरांनी लिहिलेल्या गणिताचं.

सर पन्नाशीचे, किडकिडीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं कायम लावलेली. टेबलावर कॅरमच्या पावडरीचा डबा. ऑफिसात लाकडी बोर्ड एकही नव्हता, तरी काम सुरू करण्याआधी सर दोन बोटं त्या डब्यात बुडवायचे, एकमेकांवर घासायचे आणि मगच कीबोर्डला हात लावायचे. त्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं पांढरट झाली होती. कोणी नवा माणूस हसला तर सर त्याच्याकडे शांतपणे बघायचे आणि तो हसायचा थांबायचा.

जेवायला आम्ही सहा-सात जण एका टेबलाशी बसायचो. कोणी कुठे बसायचं ते सर सांगायचे. “तुम्ही इथे. तू त्याच्यासमोर.” पहिल्यांदा मला हा विक्षिप्तपणा वाटला. मग लक्षात आलं की सरांनी समोरासमोर बसवलेल्या माणसांच्या गप्पा खरंच रंगतात. एकाने दुसऱ्याला गप्प केलं असं होत नाही. हळूहळू मला ते आवडेनासं झालं. एकदा माझ्यासमोरची खुर्ची बदलली. आधी तिथे एक हुशार, तोंडाळ मुलगा बसायचा. आता अकाउंट्समधल्या शांत काकू आल्या. दिवसभर मला वाटत राहिलं की माझं काहीतरी खाली गेलंय.

“सर, आमचे पण आकडे आहेत का तुमच्याकडे?” मी विचारलं.

“सगळ्यांचे असतात.”

“माझा किती?”

“सांगितला की बिघडतो,” सर म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

आकड्याचं गणित त्यांनी मला नंतर शिकवलं, कारण ते पुढे मलाच सांभाळायचं होतं. खेळणाऱ्याला दिसतात ते बिल्ले: चांदी, सोनं, हिरा. ते त्याचं मन रमावं म्हणून. खरा आकडा वेगळा, आणि तो कोणालाच दिसत नाही. समोर गडी बसवायचा तो त्या आकड्यावरून. जिंकलात की वर, हरलात की खाली. पण सरांना आकड्याहून त्याच्या शेजारचा दुसरा आकडा जास्त प्रिय होता. त्याला ते ‘शंका’ म्हणायचे. नवा खेळाडू आला की आपल्याला त्याची काहीच माहिती नसते, म्हणून शंका मोठी. वीसेक डाव झाले की शंका कमी होते, आकडा बसतो.

“आणि माणूस खेळायचा थांबला तर?” मी विचारलं.

“आकडा तोच राहतो. शंका वाढत जाते. रोज थोडी.”

“कुठपर्यंत?”

“मी तिला टोक ठेवलेलं नाही,” सर म्हणाले.

एकदा खांदेश्वरहून एक निवृत्त गृहस्थ थेट ऑफिसात आले. मी त्यांना सोसायटीच्या आवारात पाहिलेलं होतं. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. हातात प्लॅस्टिकची फाईल, तिच्यात रोजच्या हारजितीची टिपणं. तीन डाव जिंकलो की चौथ्याला तुमचा गेम मला मुद्दाम हरवतो, अशी त्यांची तक्रार. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

“एकूण किती जिंकता?”

“निम्मे. कधी एखादा जास्त, कधी कमी.”

“मग बरोबर चाललंय.”

“अहो, मी सुधारतोय. नातू म्हणतो माझा कट बघण्यासारखा झालाय.”

“झालाय ना. म्हणून समोर तुमच्याहून सुधारलेला गडी येतो.”

गृहस्थांनी फाईल मिटली. मग म्हणाले, “म्हणजे आणखी दहा वर्षं खेळलो तरी निम्मेच.”

“हो.”

“मी कुठवर पोचलो, ते मला कळणारच नाही.”

“नाही,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं म्हणाले. गृहस्थ जिन्यावरून उतरताना मी खाली सोडायला गेले. पुढे सोसायटीत दिसले की तोंड फिरवायचे.

सर स्वतः रोज दुपारी एक वीसला जेवण आटोपून खिडकीशी बसायचे आणि आपल्या खऱ्या नावाने बरोबर चार डाव खेळायचे. माझ्याकडे गणित आल्यावर मी त्यांचं खातं उघडून बघितलं. आकडा सोळाशे बारा. महिन्यापूर्वी सोळाशे बारा. गेम सुरू झाला त्याला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षं सोळाशे बाराच्या आसपास पाच-सहाचा फरक. माणूस म्हटला की आकडा हलतो. ताप येतो, घरी भांडण होतं, कधी हात लागतो. सरांचा हलत नव्हता. मी नीट बघितलं तेव्हा कळलं. वर जायला लागला की सर एक डाव सोडून द्यायचे. चार वर्षं ते एकाच जागी बसून राहिले होते, जागा धरून ठेवल्यासारखे.

मी विचारलं नाही. आमच्याकडे सरांना असलं कोणी विचारत नसे.

त्याच सुमाराला मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. लोकांना समोर गडी मिळेपर्यंत थांबावं लागतं आणि ते कंटाळून निघून जातात. तेव्हा मधल्या वेळात माणसाच्या जागी यंत्र खेळेल अशी सोय कर, पण खेळणाऱ्याला कळता कामा नये. “आणि सरांना तूर्त सांगू नकोस. त्यांना हे पटणार नाही,” मालक म्हणाले.

मी केलं. नोकरी नवी होती आणि कामही, खरं सांगायचं तर, मजेचं होतं. यंत्र माणसासारखं खेळायला हवं तर त्याला माणसाचे डाव दाखवायला हवेत: कुठून मारतो, किती थांबतो, स्ट्रायकर कसा सरकवतो. सगळ्यात सारखेपणाने खेळणारा माणूस माझ्या माहितीतला एकच. मी सरांचे चार वर्षांचे डाव घेतले. नवी खाती उघडली तर संशय येतो, म्हणून बंद पडलेली जुनी खाती शोधली, चाळीस निवडली आणि त्यांत यंत्र बसवलं. कोणाची खाती होती ते मी बघितलं नाही. आकडे तेवढे बघितले.

दहा-बारा दिवसांनी सर जेवणानंतर माझ्या टेबलाशी आले. डोळे असे की मी उठून उभी राहिले.

“बाहेर ये जरा.”

जिन्याच्या वळणावर त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. संपलेला डाव होता.

“माझा भाऊ आलाय,” ते म्हणाले.

मग तिथेच, उभ्या उभ्या, त्यांनी ते सांगितलं. सर मूळचे सारसोळ्याचे. घराण्याचा धंदा मासळीचा, पण दोघा भावांना कॅरमचं वेड. थोरला दोन वर्षांनी मोठा. मंडळाच्या खोलीत दोघं रोज खेळायचे आणि कायम बरोबरी. आज हा, उद्या तो. गावात म्हणायचे, यांचा डाव बघायला बसू नका, संपत नाही. थोरला तळोज्याला एका कारखान्यात लागला, लग्न झालं. एक दिवस सकाळी डबा घेऊन निघाला. बसमधून उतरताना लोकांनी पाहिला. गेटवर पोचला नाही. बावीस वर्षं झाली. शोधायचं ते सगळं शोधून झालं. काहीही सापडलं नाही, कपडा नाही, डबाही नाही.

“तो जिथे असेल तिथे कॅरम खेळल्याशिवाय राहणार नाही,” सर म्हणाले. “आणि खेळला तर माझ्या बरोबरीचा निघणार. मग त्याला माझ्यासमोर यावंच लागेल. म्हणून तर मी हे काम घेतलं.”

आपला आकडा ते का हलू देत नव्हते, ते मला कळलं.

“तोच कशावरून, सर?”

“राणी घेण्याआधी तो स्ट्रायकर पट्टीवर दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. मगच मारायचा. हा तसंच करतो. आणि खातं बघ.”

मी खात्याचं नाव वाचलं. ते माझ्या चाळिसांतलं होतं.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “बरं झालं, सर,” आणि जागेवर जाऊन बसले. दुपारी सरांचे जुने डाव उघडले. राणी घ्यायची वेळ आली की सरांचा स्वतःचा स्ट्रायकर पट्टीवर दोनदा फिरत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सरांना ते माहीतच नव्हतं. थोरल्याची लकब धाकट्याच्या अंगठ्यात उतरली होती आणि तिथून मी ती उचलली होती. सर रोज एक वीसला स्वतःशीच खेळत होते. निम्मे डाव जिंकत होते, निम्मे हरत होते.

अकरा दिवस मी गप्प राहिले. त्या अकरा दिवसांत सर बदलले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या दिसल्या. जेवायला कोणाला कुठेही बसू दिलं. बाराव्या दिवशी मोठा डबा घेऊन आले. आत जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या.

“घरून पाठवलंय, सगळ्यांसाठी,” ते म्हणाले. “वैनीने.”

“कोण वैनी?” कोणीतरी विचारलं.

“भावाची बायको,” सर म्हणाले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “काल सांगितलं तिला. तो आहे म्हणून.”

मी भाकरी ताटात तशीच ठेवली. जेवण झाल्यावर मी त्यांना मीटिंगच्या रिकाम्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. चाळीस खात्यांची यादी समोर ठेवली. सर ओरडले नाहीत. त्यांनी यादीवर बोट ठेवलं.

“हे खातं कधी उघडलंय, बघितलंस?”

“गेम सुरू झाला त्याच दिवशी.”

“मी उघडलं होतं. त्याच्यासाठी, त्यालाच सुचेल असा पासवर्ड ठेवून. आकडा माझाच घातला आणि शंका, तो गेला त्या दिवसापासूनची. रोज वाढत होती. तू यंत्र बसवलंस तेव्हा कमी व्हायला लागली. मला वाटलं…” मी रडत होते, त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

“वैनीला तू सांग,” ते म्हणाले. “मी एकदा सांगितलंय. पुन्हा नाही मला जमणार.”

त्याच संध्याकाळी त्यांनी मालकांकडे राजीनामा दिला. समोर माणूसच असतो, एवढ्या एका गोष्टीवर आपण हे सगळं लिहिलं होतं, असं ते मालकांना म्हणाले. मालकांनी यंत्रं काढायला नकार दिला. त्या एका खात्यातलं यंत्र मात्र मी काढून टाकलं, कोणाला न विचारता.

रविवारी सकाळी मी सारसोळ्याला गेले. दोन मजली पक्कं घर, खाली भाड्याने दिलेली दुकानं, वर ही माणसं. सर घरात नव्हते. मी येणार म्हणूनच बाहेर गेले असावेत. वैनी बाजारातून नुकत्या परतल्या होत्या, हात धूत होत्या. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू. भिंतीला कॅरमबोर्ड टेकवलेला, त्याच्यावर स्वच्छ फडकं. मी सांगायला सुरुवात केली आणि मधे न थांबता शेवटपर्यंत सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले.

“हरायचा का जिंकायचा तुजा तो?” त्यांनी विचारलं.

“निम्मे-निम्मे.”

“तवाच मना वाटलं, हा तो नाय.”

“का?”

वैनींनी दाराकडे बघितलं. “भावजींना बोलू नको. ते बरोबरीचे नव्हतेच गो कदी. तो लय वरचा होता. लगीन झाल्यावर या खोलीत माज्यासमोर खेलायचा ना, तवा बगायचं. भावजींसमोर बसला की मुद्दाम हरायचा. धाकटा हाय, ल्हानपनी रडायचा, मग तीच सवय लागली. पुडं सगल्यांशीच तसा. समोर कोन बसलाय ते बगायचा नि तेवडाच खेलायचा. पन मना बोलायचा, एक दिस भावाला खरा डाव दावनार; आला असता तर आता निम्मं हरला नसता.”

“सरांना कधीच कळलं नाही?”

“नाय. बावीस वरसं त्यावरच बसलेत ते. तेवडंच हाय त्यांच्याकडं.”

मी परत आले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. समोर बसलेल्याइतकंच खेळणारा माणूस. असा माणूस आमच्या गणितात आला तर त्याचं काय होईल? लिंबूटिंबूसमोर निम्मे हरेल, पट्टीच्या खेळाडूसमोर निम्मे जिंकेल. गणित त्याला वर नेईल, खाली आणेल, आणि कितीही डाव झाले तरी त्याची शंका कमी होणार नाही.

आता ते गणित माझ्या एकटीच्या ताब्यात होतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी शोध घेतला: शेकडो डाव होऊनही ज्यांची शंका उतरलेली नाही, अशी खाती. बरीच निघाली. बहुतेक ठिकाणी एकाच फोनवर सगळं घर खेळत होतं. सकाळी आजोबा, दुपारी शाळेतून आलेलं पोर. वेळा लावून बघितल्या की ते ओळखू येतं. ती मी एकेक करून काढली. शेवटी एक राहिलं.

आठशेहून जास्त डाव. नाव दिलेलं नाही, गेमने दिलेला क्रमांक तेवढा. बिल्ला मिळाला होता तो उघडून बघितलेला नाही. लहान मुलांशी खेळला की शेवटच्या सोंगटीवर हरायचा. हिरेवाल्यांशी खेळला की शेवटच्या सोंगटीवर जिंकायचा, आणि पुढच्या डावात हरायचा. आठशे डावांत एकही एकतर्फी नाही.

खात्यामागचा फोन नंबर मला बघता आला असता. मी बघितला नाही. एकदा न विचारता मी एका खात्यात शिरले होते, तेवढं पुरे होतं.

सरांना सांगायचं तर वैनींचा शब्द मोडावा लागणार होता. चार दिवस विचार केला आणि पुन्हा सारसोळ्याला गेले. सर खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कट्ट्यावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसून आधी वैनींनी सांगितलेलं सांगितलं, मग खात्याचं. सर बोटं एकमेकांवर घासत होते. पावडर नव्हती, नुसतीच सवय. भाऊ मुद्दाम हरायचा हे ऐकताना त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला आणि मला वाटलं, मी आणखी एक चूक केली.

“म्हणजे त्याला आकडाच नाही,” ते म्हणाले.

“नाही, सर.”

“मग तो कुठेही बसू शकतो. आणि मी चार वर्षं जागा धरून बसलो होतो.”

“नंबर बघू का त्याचा?”

“नको,” सर म्हणाले. “तो दुसराच कोणी निघाला तर?”

त्यानंतर सर वाटेल तसे खेळायला लागले. मला ऑफिसातून त्यांचा आकडा दिसायचा. एखाद्या आठवड्यात अठराशेच्या वर, पुढच्या आठवड्यात चौदाशे. सगळ्या तऱ्हेची माणसं त्यांच्यासमोर येत होती. मी ते खातं आणि सरांचं खातं यांना कधी एकमेकांजवळ ढकललं नाही. तसं करायला दोन मिनिटं लागली असती.

गेल्या महिन्यात एका दुपारी सरांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

“आत्ता एक डाव झाला,” ते म्हणाले. “पहिला हात त्याचा होता. माझी पाळी आलीच नाही. एकदाही नाही. त्याने सगळ्या सोंगट्या घेतल्या, राणी घेतली, आणि गेला.”

मी फोन कानाशी धरूनच नोंद उघडली. समोरचं खातं तेच होतं. आठशेहून जास्त डावांतला त्याचा हा पहिला एकतर्फी डाव.

“सर,” मी म्हणाले, “तुम्ही ठीक आहात ना?”

मागून वैनींचा आवाज येत होता. त्या पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, “हरलात ना भावजी? नक्की हरलात ना?”